‘येथे’ या शब्दाची जागा

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, ज्याला नागपूरकर अजूनही अजब बंगला म्हणतात, एक लांबलचक शिळा आहे. ती जुन्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या देवटेक गावची. तिच्यावर दोन काळांतली अक्षरं आहेत. आधीची ब्राह्मी अक्षरं अशोकाच्या काळातली मानली जातात. त्यांतला हुकूम असा, की प्राण्यांना पकडू नये, मारू नये. त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या माणसांनी तीच शिळा वापरायला घेतली, जुनी काही अक्षरं तासून काढली आणि आपला मजकूर कोरला. त्याचा अर्थ अगदी साधा आहे: चिक्कंबुरी इथलं हे राजा रुद्रसेनाचं धर्मस्थान. ही चिक्कंबुरी म्हणजे देवटेकजवळचं चिकमारा, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी दाखवून दिलं.

म्हणजे आपल्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या या भागात, निदान सोळाशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं होतं, की ही जागा कुणाची आहे, इथे काय आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं पाहिजे आणि आपण गेल्यावरही कळत राहिलं पाहिजे. स्मृतिफलक याहून वेगळं काही करत नाही. त्यात नाव असतं, साल असतं, कधी एखादी पदवी असते, पण त्याचा प्राण ‘येथे’ या एका शब्दात असतो. तो शब्द काढला, की उरलेला मजकूर पुस्तकातही चालतो. देवटेकच्या शिळेचं नेमकं हेच झालं आहे. ती ज्या जागेकडे बोट दाखवते ती जागा तिकडेच राहिली आणि बोट नागपूरला आलं. संग्रहालयात ती सुरक्षित आहे, हे चांगलंच. पण ‘येथे’ मात्र हरवलं.

हा शब्द जपण्यासाठी लंडन शहरानं जे केलं ते आपण समजून घेण्यासारखं आहे. तिथे सेंट मायकेल्स ॲली नावाचा एक अरुंद बोळ आहे. १६५२ साली पास्का रोझे नावाच्या माणसानं तिथे लंडनमधलं पहिलं कॉफीगृह सुरू केलं. स्मर्नाच्या बंदरात व्यापार करणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याचा तो नोकर. पुढे १६६६ च्या आगीत तो सगळा भागच जळाला. आज त्या जागी मद्यगृह आहे आणि त्याच्या भिंतीवर फलक आहे: लंडनचं पहिलं कॉफीगृह येथे होतं. थोडं चालून लोम्बार्ड स्ट्रीटवर गेलं, की एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहाची पाटी दिसते, १६९१ ते १७८५. एक्स्चेंज ॲलीत जोनाथनच्या कॉफीगृहाची दिसते, १६८० ते १७७८. यांतली एकही मूळ वास्तू उभी नाही.

एक पेनी मोजली, की तिथे कॉफी मिळे, वर्तमानपत्र मिळे आणि मुख्य म्हणजे शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलता येई. लॉइडकडे खलाशी, जहाजमालक आणि व्यापारी जमत. कुठलं जहाज पोचलं, कुठलं बुडालं, ही बातमी आधी तिथे कळे. त्या बोलण्यातून जहाजांचा विमा उतरवण्याचा धंदा उभा राहिला आणि त्यातून आजची लॉइड्स ही संस्था. जोनाथनकडे जॉन कास्टेंग हा दलाल १६९८ पासून समभागांच्या आणि मालाच्या भावांची यादी काढू लागला. लंडनच्या शेअर बाजाराचं मूळ तिथे आहे. या पाट्या कॉफीसाठी लावलेल्या नाहीत. तिथे जे बोलणं झालं, त्याच्यासाठी लावल्या आहेत.

त्यामागचा नियमही पाहण्यासारखा आहे. लंडनमध्ये थोरांच्या घरांवर फलक लावायची योजना १८६६ सालची. पहिला फलक १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागला. ते घर १८८९ मध्ये पाडलं गेलं आणि त्याच्याबरोबर फलकही गेला. आज त्या योजनेत अट अशी आहे, की माणूस जाऊन वीस वर्षं झालेली असावीत आणि त्याच्याशी संबंधित मूळ इमारत उभी असावी. मग जळलेल्या, पाडलेल्या कॉफीगृहांचं काय? लंडनच्या जुन्या गाभ्याचा, ज्याला सिटी म्हणतात त्याचा, कारभार वेगळा आहे आणि त्यांची फलकांची योजनाही वेगळी आहे. त्यांचे चौकोनी निळे फलक ‘अमक्याची जागा’ एवढंच सांगतात, इमारत असो वा नसो. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत विचार करायचा तर हीच दुसरी रीत कामाची आहे. कारण इथे जे घडलं त्यातलं पुष्कळसं झाडाखाली घडलं, मैदानात घडलं, नदीकाठी घडलं. तिथे पाडायला इमारतच नव्हती.

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ या दिवशी बाबूराव शेडमाके यांना तिथे फाशी देण्यात आली. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या या तरुणाचं वय पंचवीस होतं. त्यांनी गोंड तरुणांचं जंगोम दल उभारलं, घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले, आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये नांदगाव-घोसरी, गढीसुर्ला, बामनपेठ या भागांत त्यांनी इंग्रजांच्या फौजेशी झुंज दिली. त्या वेळी चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन होता. १८ सप्टेंबरला बाबूराव पकडले गेले आणि सुमारे महिन्याभरात खटला उरकून त्यांना फासावर चढवलं. १२ मार्च २००९ ला त्यांच्या जयंतीदिनी टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला त्या पिंपळाखाली लोक जमतात. एरवी तुरुंगाच्या आवारात कोण कशाला जाईल? पण त्या दिवशी जातात. लंडनच्या बोळातली पाटी येणारा-जाणारा वाचतो किंवा वाचत नाही. पिंपळापाशी मुद्दाम यावं लागतं, तारीख लक्षात ठेवून यावं लागतं. हे झाड म्हणजे साल आणि दिवस दोन्ही सांगणारा फलक झाला आहे, आणि तो झाला आहे तो केवळ लोक आल्यामुळे.

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीचंही तसंच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि तिथल्या मैदानावर हजारो लोकांना त्यांनी दीक्षा दिली. त्यानंतर जेमतेम एकावन्न दिवसांनी बाबासाहेब गेले. मैदानातली एक सभा संपल्यावर तिथे काय उरतं? तुडवलेलं गवत आणि विझलेले दिवे. पण त्या वर्षापासून आजतागायत ऑक्टोबरच्या मध्याला खेड्यापाड्यांतून माणसं तिथे येतात, पुस्तकांची दुकानं लागतात, पांढऱ्या लुगड्यांतल्या म्हाताऱ्या बाया नातवंडांना जागा दाखवतात. बाहेरगावच्या मराठी माणसाला मात्र चंद्रपूरलाही दीक्षाभूमी आहे हे पुष्कळदा सांगावं लागतं, आणि याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

चिमूर तर इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेलं गाव, प्रभातफेरी, पोलिसांचा गोळीबार, बालाजी रायपूरकर या कोवळ्या मुलाचा मृत्यू, संतापलेल्या जमावानं मारलेले सरकारी अधिकारी आणि मग तीन दिवस इंग्रजांच्या हातात नसलेलं चिमूर. त्यानंतर गोऱ्या शिपायांची फौज आली आणि तिनं गावातल्या बायकांवर जे अत्याचार केले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. फाशीची शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांसाठी अनसूयाबाई काळे झगडल्या. १९८० च्या दशकात राज्यभर हुतात्मा स्मारकं उभी राहिली. अशा स्मारकांच्या खांबांवर वीरगती मिळालेल्यांची नावं कोरली जातात. सोसलेल्या बायकांची नावं कोरता येत नाहीत, आणि कोरूही नयेत. पण या गावातल्या स्त्रियांनी त्या दिवसांत काय सोसलं, याचं एक वाक्य अशा जागी हवं. फलक लिहिणाऱ्यानं कुणाला धरलं आणि कुणाला सोडलं, यावर पुढच्या पिढीची आठवण ठरते.

अक्षरांशिवायही जागा सांगता येते. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट पाहा. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अचलेश्वर अशी चार दारं, आणि दारांच्या कपाळावर हत्तीवर झेपावणारा सिंह. अक्षर एकही नाही, पण हे राज्य कुणाचं ते दारात पाऊल टाकण्याआधी कळतं. दारांशिवाय परकोटाला खिडक्या आहेत, आणि त्यांची नावं हाच त्यांचा फलक. मसाण खिडकीतून प्रेतयात्रा बाहेर जायच्या हे नाव ऐकूनच समजतं. ताडोबाचंही तसंच आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि त्याच्यावरूनच हे नाव पडलं, असं सांगतात. तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे व्याघ्रप्रकल्प झाला, जगभरातून माणसं वाघ बघायला येऊ लागली, आणि त्यांतला प्रत्येकजण नकळत वाघानं मारलेल्या एका माणसाचं नाव घेतो. एवढं दूर पोचलेलं स्मारक महाराष्ट्रात थोडंच असेल.

पण नुसत्या सांगण्यावर सोडलं, की गोष्ट घसरतेही. चंद्रपूरच्या लालपेठेत प्रचंड दगडी मूर्ती उघड्यावर पडलेल्या आहेत. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्यानं मोठं देवालय बांधायला घेतलं आणि ते अपुरं राहिलं, अशी त्यांची हकीकत. त्यांतली सर्वांत मोठी मूर्ती दहा तोंडांच्या देवीची. दहा तोंडं दिसली म्हणून लोक तिला रावण म्हणू लागले. ताडोबाच्या रस्त्याकडेला ओळीनं उभे असलेले जुने दगडी खांब आहेत. गाइड सांगतात, की त्यांवरून दोरी ओवून घंटा वाजवत गोंड राजाच्या स्वारीची वर्दी पुढे पोचवली जायची. ऐकायला ही गोष्ट फार छान वाटते, पण तिच्या शेजारी अभ्यासकांचं म्हणणं सांगणारी एखादी पाटी असती, तर ऐकणाऱ्याला दोन्ही तोलून पाहता आलं असतं.

याहूनही खोल गोष्ट भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावांत आहे. गावाबाहेर, वाटेच्या कडेला, उभे दगड रोवलेले दिसतात. काही कमरेएवढे, काही माणसाहून उंच. कुठे कोरीव लाकडी खांबही असतात. गेलेल्या माणसासाठी ते रोवलेले असतात. दगडाला गोंडीत ‘कल’ म्हणतात, आणि पलीकडे बस्तरच्या बाजूला अशा दगडाला उरस्कल हे नाव आहे. माणूस गेला, की लगेच दगड उभा राहतोच असं नाही. घरच्यांची ऐपत जमेपर्यंत थांबावं लागतं, कारण दगड आणायला गाव लागतं आणि गावाला जेवण लागतं. मग डोंगरातून दगड आणतात, ढोल वाजतात, आणि तो आपल्या कुळाच्या दगडांच्या रांगेत उभा राहतो.

पुरातत्त्वाच्या दृष्टीनं हे किती मोलाचं आहे, ते नागभीडला गेलं की कळतं. तिथे जमिनीत शिळावर्तुळं आहेत, दगडांची कडी केलेली दफनं. अशी वर्तुळं नागपूरजवळच्या जुनापाणीलाही आहेत आणि ती लोहयुगातली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. ती घालणारी माणसं गेली, त्यांची भाषा गेली, दगड कुणासाठी आणि का मांडले हे सांगणारं कुणी उरलं नाही. पण त्याच मुलखात, शंभर-दीडशे किलोमीटरवर, मृतासाठी दगड रोवणारी माणसं आजही आहेत, आणि हा दगड माझ्या आजोबाचा, तो थोरल्या काकाचा, असं ती बोट दाखवून सांगतात. त्या दगडावर एक अक्षर नसतं. ज्याला वाचता येतं त्याला नाव, नातं, कुळ, सगळं त्यात मिळतं. ज्याला येत नाही त्याला तो रस्ता रुंद करताना बाजूला करायचा दगड वाटतो. म्हणून अशा जागांवर पाटी हवी. मृताची ओळख बाहेरच्यांना करून देण्याची गरज नाही. हे कुणाचं तरी आहे, हलवू नका, एवढं सांगणारी पाटी पुरे.

गडचिरोलीत दगड रोवणं हा गेल्या चार दशकांत रक्ताचाही विषय झाला. नक्षलवाद्यांनी त्यांच्या मेलेल्या साथीदारांसाठी गावांच्या शिवारांत लाल स्मारकं बांधली. २८ जुलै ते ३ ऑगस्टच्या त्यांच्या सप्ताहात तिथे लोकांना जमवलं जाई. पोलिसांनी ती पाडली, आणि पुढे काही गावांनी स्वतः पुढे होऊन पाडली. दुसरीकडे गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात शहीद जवानांचं स्मारक आहे. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक, असे सोळाजण गेले. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीवर घरी जेवायला बसलेल्या राज्याला ही बातमी मिळाली होती. ज्या मुलखात एका बाजूनं बांधलेलं स्मारक दुसरी बाजू पाडते, तिथे गावच्या आदिवासी माणसानं आपल्या मृतासाठी रोवलेला बिनअक्षराचा दगड मला सर्वांत खरा वाटतो. तो कुणावर हक्क सांगत नाही.

आता कॉफीगृहाकडे परत येतो. झाडीपट्टीत कॉफीगृहांची परंपरा रुजली नाही. चंद्रपुरात बोलणं होतं ते पानठेल्यावर आणि चहाच्या कॅन्टीनवर. पण लॉइडच्या कॉफीगृहात जे झालं, म्हणजे माणसं रोज एकत्र बसली आणि बसण्यातून संस्था उभी राहिली, ते गडचिरोलीत झालेलं आहे. त्या जागेचं नाव गोटुल.

गोटुलाबद्दल बाहेरच्या जगानं फार उथळ बोलून ठेवलं. व्हेरिअर एल्विनचं बस्तरमधल्या मुरियांच्या गोटुलावरचं पुस्तक १९४७ ला आलं, आणि त्यातून वाचणाऱ्यांनी बहुधा तरुण-तरुणींचं नाचगाणं तेवढं उचललं. गोटुल हे गावाचं सामाईक घरही आहे. पाहुणा तिथे उतरतो, ढोल तिथे राहतात, गावाची बैठक तिथे बसते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपलं मोडकळीला आलेलं गोटुल पुन्हा बांधायचं ठरवलं आणि त्यासाठी जंगलातलं सागवान आणलं. परवानगी नव्हती म्हणून वनखात्यानं ते पाडलं. त्यावर आजूबाजूच्या गावांनीही आपापल्या गावात गोटुल बांधायचं ठरवलं, आणि खात्याला माघार घ्यावी लागली.

त्या गोटुलात पुढे काय झालं ते पाहा. मेंढा गावानं ठरवलं, की निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं होतील. एक माणूस जरी पटलं नाही म्हणाला, तरी पुन्हा बसायचं. ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट सुरू झाला. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्यासारखी माणसं त्यात बोलायची, ऐकायची, कायदा वाचायची. वनहक्क कायदा आल्यावर २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे. बांबू हा वनोपज आहे की लाकूड, यावर वाद सुरू राहिला आणि शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. जहाजांच्या बातम्यांवर बोलणाऱ्यांनी विमा उभा केला, बांबूवर बोलणाऱ्यांनी जंगलाचा कारभार. एकासाठी लंडनमध्ये पाटी आहे. दुसऱ्यासाठी पाटी नाही, कारण ते गोटुल अजून चालू आहे आणि तिथे अजून बैठक बसते.

जिथे बैठक मोडली, लोक येईनासे झाले, सांगणारे गेले, तिथे मात्र पाटी लागली पाहिजे. चांगली पाटी लिहिणं अवघड नाही. ‘थोर’, ‘महान’, ‘तेजस्वी’ हे शब्द गाळावेत. उद्घाटन करणाऱ्याचं नाव नायकाच्या नावापेक्षा मोठं नसावं. महाराष्ट्रातल्या निम्म्या कोनशिलांवर ते मोठंच असतं. दिवस, साल, कोण, काय, आणि येथे. दोन-तीन वाक्यं पुरतात. भाषा मराठीबरोबर गोंडी किंवा माडिया असावी, कारण ज्यांचा इतिहास त्यांना तो आपल्या बोलीत वाचता आला पाहिजे.

अहेरी तालुक्यात प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी आहे. त्या गावी एखादी अशी पाटी लागली तर तिच्यावर मी एवढंच लिहीन: ‘२९ एप्रिल १८५८. इंग्रज सरकार या भागातून तारायंत्राची तार टाकत होते. त्यांच्या येथील तळावर बाबूराव शेडमाके यांच्या माणसांनी हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर निसटला. या हल्ल्यानंतर इंग्रजांनी बाबूरावांचा पाठलाग तीव्र केला. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांदा येथे फाशी देण्यात आली.’ खाली तेवढीच जागा कोरी सोडावी. तिथला मजकूर गावानं बसून, आपल्या बोलीत ठरवावा.